डोलकाठीखालचा फोम

४ एप्रिल

चि. ठकू,

ही चिठ्ठी फळीच्या पायपट्ट्याला बांधून पाठवतो आहे. टपालाने पाठवली तर तू फोडणार नाहीस आणि फोन केला तर उचलणार नाहीस. फळीला बांधलेली चिठ्ठी मात्र गाठ सोडताना हातात येतेच. दोन वर्षं पोटच्या पोरीने ज्याच्याशी अबोला धरलाय, त्या माणसाला एवढी चलाखी माफ असावी.

मावशी म्हणाली, सत्तावीस तारखेला तू आखात ओलांडणार आहेस. दीपगृहापासून पलीकडच्या काठापर्यंत, चौदा किलोमीटर, एकटीने. त्यासाठी तुला नवी फळी नको, आपल्या शेडच्या भिंतीला टांगलेली तुझी जुनी शिडाची फळीच हवी. तू माझ्याकडे काहीतरी मागितलंस हेच मी आठवडाभर चघळत होतो. फळीचं नंतर सुचलं.

तिची दशा वाईट होती. नाक चेपलेलं. आणि मधोमध, जिथे डोलकाठीचा पाया स्क्रूने बसतो, तिथे अंगठा दाबला की कातडी खाली जायची, पिकलेल्या फळासारखी. कापून उघडलं तर आतला थर्माकोल ओलाचिंब. टेबलफॅन लावून तीन आठवडे वाळवला. रोज सकाळी फळी उराशी धरून मी न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभा राहायचो आणि माझं वजन वजा करायचो. साडेअकरा किलोंवरून नऊवर आल्यावरच करवत हातात घेतली.

आता फोम. तू म्हणशील, बाबांना विषय मिळाला. मिळालाय, ऐक.

दारंखिडक्यांच्या फटी भरायला डब्यातून फसफसत येणारा फोम असतो, तो लोक फळीतही घालतात. तो फुगतो, फुगतो आणि आत नुसती हवा. असले वक्ते मी आयुष्यभर सहन केलेत. बंद जागेत घातला तर कातडी उचकटून बाहेर येतो, आणि वर्षभराने स्पंजासारखं पाणी पितो. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल त्याहून निकामी, त्याचे दाणे सुटतात. नाकासाठी मी घट्ट दाण्याचा थर्माकोल आणला, तुझ्या फळीच्या गाभ्याच्याच जातीचा. जोडकाम नेहमी जातवाल्याशी करावं. हे मी फक्त फोमपुरतं म्हणतो, बाकी आयुष्यात मी त्याच्या विरुद्ध भाषणं केली आहेत.

डोलकाठीखाली मात्र कठीण माल हवा. शिडातला सगळा वारा त्या एका तळहाताएवढ्या जागेवर ओढ घेतो. तिथे खरं तर पीव्हीसीचा कडक फोम घालतात. तो मागवून दोन आठवडे लागले असते. पण शेडच्या खिडकीत एक ठोकळा कित्येक वर्षं पडून होता, एका ओळखीच्याने कधीतरी आणून दिलेला. बारीक कण, नखाला दाद न देणारा, उन्हाने पिवळा पडलेला. पाहताक्षणी ओळखलं, पॉलियुरेथेन. ते उन्हाने पिवळं पडतं.

रेझिनचं शास्त्र साधं आहे. पॉलिस्टर रेझिन थर्माकोलच्या जातीचा फोम खातं, पाण्यात साखर विरघळावी तसा तो विरघळतो. इपॉक्सी खात नाही. पॉलियुरेथेनला दोन्ही चालतात. म्हणून भोकाच्या भिंतींना इपॉक्सीचा हात दिला, ठोकळा बसवला, वर पातळ लांबी, म्हणजे पुट्टी, त्यावर फायबरकापड आणि पॉलिस्टर. ते तासाभरात कडक होतं आणि फळी तुझ्याकडे न्यायला टेम्पोवाला दोन दिवसांत येणार होता. आमचा रेझिनवाला, बंदरावर बोटी दुरुस्त करतो तो, म्हणाला, "वक्ते, फोम कुठलाही असो, आधी तुकड्यावर एक थेंब टाकून बघा." मी म्हटलं, "तीस वर्षं कामगारांच्या सभांतून माणसं चेहऱ्यावरून ओळखतोय, फोम ओळखणार नाही?" तो म्हणाला, "माणसं निदान लाजतात." आणि हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधोमध बोटभर खळगा दिसला. तो लांबीने भरला, घासला, रंग दिला. आता शोधूनही सापडणार नाही.

तुझ्या बापाच्या हाताचं काम आहे. डोळे झाकून उभी राहा.

— बाबा


१२ एप्रिल

चि. ठकू,

काल दुपारी मावशीचं पत्र आलं. त्यात तळाशी तिच्या अक्षरात तुझी एक ओळ होती: "बाबांना सांग, फळी सुंदर झालीय. पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी न बोलता केलं."

मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही. शेजारचे निवृत्त हेडमास्तर आले होते, त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "यात कौतुक कुठे आहे, टोमणा आहे." मास्तरांना मुली नाहीत. तुझी आई असती तर तिला कळलं असतं.

सहज विचारतो, तू फळी पाण्यात घातलीस का? घातली नसशील तर घाई करू नकोस. रंग पूर्ण सुकायला वेळ लागतो.

आणि एक गंमत म्हणून करून बघ. एक जड नाणं घे आणि फळीवर नाकापासून शेपटीपर्यंत वाजवत जा. भरीव जागी टक टक असा कोरडा आवाज येतो. डोलकाठीच्या पायाभोवती जरा जास्त वेळ वाजव. तिथे आवाज ढब ढब, भोपळ्यावर टिचकी मारल्यासारखा आला, तर मला कळव. तसा येणार नाही. मी फक्त पद्धत सांगून ठेवतो. सगळे चांगले कारागीर असं करतात.

डोलकाठीचा पाया फार आवळू नकोस.

मावशीला सांग, तिचं पत्र मिळालं. तुझी ओळ पाकिटात जपून ठेवली आहे.

— बाबा


१६ एप्रिल

चि. ठकू,

मी विचार करतो आहे आणि माझं मत असं झालं आहे की तू सत्तावीसला जाऊ नयेस.

कारणं देतो. एप्रिलच्या शेवटी वारा दुपारी एकदम फिरतो, हे मी नाही, बंदरावरचा कुणीही सांगेल. क्लबचे आठ जण आपापल्या फळीवर एकेकटे निघणार, सोबत एकच बोट आहे आणि ती आठही जणांवर लक्ष ठेवणार. म्हणजे तुझ्या वाट्याला बोटीचा आठवा हिस्सा. तू छत्तीस वर्षांची आहेस. बारा वर्षांत एवढं अंतर तोडलेलं नाहीस. आणि हे सगळं कशासाठी? पलीकडच्या काठाला जाऊन तू करणार काय आहेस? चहा पिऊन परत येणार.

मला पोहता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. पाणी कमरेच्या वर आलं की माझा आवाज जातो. माझा, ज्याला माईक लागत नाही त्याचा. गेले काही दिवस शेडच्या पत्र्यावर वाऱ्याचा आवाज आला की मी उठून बाहेर जातो आणि समोरच्या झाडाची पानं कुठल्या बाजूला उलटी होतात ते बघतो. आज दाढी करताना दोन ठिकाणी कापलं. वय झालं.

दुसरी फळी घे. किंवा यंदा राहू दे. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. हे माझं मागणं समज. हट्ट समज. बापाचा हुकूम समज, हवं तर.

— बाबा

ता. क. नाणं वाजवलंस का?


१९ एप्रिल

ठकू,

हे पत्र टाकायचं की नाही, ठरलेलं नाही. बहुतेक टाकणार नाही. म्हणून खरं लिहितो.

सकाळी मावशीचा फोन आला होता. माझं सोळा तारखेचं पत्र वाचून तू हसलीस म्हणे, आणि म्हणालीस, "बाबांना सांग, भाषण चांगलं झालं, पण सभा बरखास्त."

मी त्यावर हसलो. मग मावशी म्हणाली, "भाऊजी, तुमचा आवाज का असा येतोय?" मी म्हणालो, घसा बसलाय. ती म्हणाली, "तुमचा घसा? सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा." मग आम्ही उकाड्याविषयी बोललो. तिच्या गुडघ्याविषयी बोललो. तिच्या शिवणाच्या मशीनचा पट्टा तुटलाय त्याविषयी बोललो. सात मिनिटं. फळीविषयी एक शब्द मी काढला नाही. फोन ठेवला आणि दाराला आतून कडी लावली, कुणीतरी मारायला उठल्यासारखी. कुणी उठलं नव्हतं. घरात मी एकटाच होतो.

अकरा तारखेला सकाळी मी शेड आवरत होतो. बाकाखाली त्या ठोकळ्याचा उरलेला तुकडा सापडला. काम करताना पॉलिस्टरचा ब्रश मी त्याच्यावर टेकवून विसरलो होतो. ब्रश तुकड्यात मुठीपर्यंत बुडाला होता. उपटून काढला तर आत ब्रशाच्या आकाराची गुहा होती. कडा वितळून चकचकीत झालेल्या, काचेसारख्या.

मी तुकड्याची दुसरी बाजू घेतली. त्यावर रेझिनचा एक थेंब टाकला. रेझिनवाल्याने सांगितला होता तोच, एक थेंब. तो तिथे थांबला नाही. खाली उतरत गेला, आवाज न करता, जणू त्याला वाट माहीत होती.

पॉलियुरेथेन नव्हतं ते. थर्माकोलचीच जात, दाबून बारीक केलेली, भिंतीत घालायची. उन्हाने तीही पिवळी पडते. पिवळे दोघंही पडतात, ठकू. रंगावरून ओळखता येत नाही. करवतीखाली पॉलियुरेथेनची पिठासारखी भुकटी पडते. याचा किसासारखा चुरा पडला होता आणि बोटांना चिकटत होता. मी तो फुंकर मारून उडवला. दुसऱ्या सकाळी खळगा पडला होता, तो मी भरला. टेम्पो येईपर्यंत रंगाखालून रेझिनचा वास येत होता, तेव्हा खिडकी उघडी ठेवली. तीन वेळा त्या फळीने मला सांगितलं.

म्हणजे तुझ्या डोलकाठीच्या पायाखाली काय आहे? वर एक सुरेख रंगवलेली कडक टिकली आणि तिच्याखाली पोकळी. केवढी, ते मला माहीत नाही. मला रोज वेगळी दिसते. कधी लिंबाएवढी, कधी नारळाएवढी. काठाजवळ हलक्या वाऱ्यात ती टिकेल. तीच तर भीती आहे. ती तुझा विश्वास बसेपर्यंत टिकेल. सातव्या किलोमीटरला वारा भरेल, तू अंग मागे टाकून शिडाला लटकशील, आणि पाया मुळासकट उपटून येईल. शीड एकीकडे जाईल. शिडाशिवायची फळी वाऱ्यावर माणसाच्या पोहण्यापेक्षा वेगाने जाते, हे मला रेझिनवाल्यानेच सांगितलंय. मी त्याला म्हटलं, माझ्या एका मित्राचा प्रश्न आहे.

मग फोन उचलून सांगत का नाही? तुझा फोन बंद आहे माझ्यासाठी, पण मावशीचा चालू आहे. एका वाक्याचं काम आहे. आजवर मी एवढी वाक्यं बोललो, त्यातलं हे सगळ्यात लहान.

तुझी ती ओळ पाकिटात आहे, म्हणून. अकरा तारखेला सकाळी तुकडा सापडला आणि दुपारी ती ओळ आली. एक दिवस आधी आली असती तर मला ती निदान एक रात्र पुरती मिळाली असती.

आणि दुसरं कारण आहे. ते लिहायला मी दोन कागद फाडले.

तुझ्या नवऱ्याच्या शीतगृहात मालाच्या लिफ्टचा तारेचा दोर उसवला होता. तो तिथे सुपरवायझर. दोर उसवल्याचं त्याला कळलं त्या दिवसापासून तो तुटेपर्यंत नऊ दिवस गेले. त्याने मालकाला दोनदा लिहिलं. नवा दोर आला नाही. त्याने लिफ्ट बंद केली नाही. नवव्या दिवशी दोर तुटला आणि एका हमालाचा पाय गेला. त्या संध्याकाळी तो आपल्या घरी आला होता, आठवतं? स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मी विचारलं, लिफ्ट बंद का केली नाहीस? तो म्हणाला, "भीती वाटली, बाबा."

घरात, माझ्याजवळ म्हणाला होता तो ते.

पाच दिवसांनी कामगारांची सभा झाली. चारशे माणसं. तू तिसऱ्या रांगेत. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "नऊ दिवस या माणसाला ठाऊक होतं. एक, दोन, तीन," असं नऊपर्यंत मोजलं, प्रत्येक आकड्याला मूठ आपटून. मग म्हणालो, "आणि विचारलं तर म्हणतो काय? भीती वाटली." लोक हसले. मी थांबलो, हसू पुरतं होऊ दिलं. सभेत कुठे थांबायचं ते मला कळतं. मग म्हणालो, "ज्याला ठाऊक असतं आणि जो गप्प बसतो, त्याच्या भीतीची किंमत दुसऱ्याचा पाय असतो." टाळ्या पडल्या. तू उठून गेलीस.

मला अजूनही वाटतं की वाक्य खरं होतं. म्हणूनच झोप उडाली आहे.

अकरा, बारा, तेरा. मी रोज मोजतो. आज माझा नववा दिवस आहे.

आणि हे शेवटचं. तो ठोकळा कुणी आणून दिला होता ते चार तारखेच्या पत्रात मी लिहिलं नाही. तुझ्या नवऱ्याने. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, शीतगृहाच्या भिंतीच्या कामातून उरलेला. म्हणाला होता, "बाबा, तुम्हाला दुरुस्तीला उपयोगी पडेल." आणि मग आणखी काहीतरी म्हणाला होता. शेडच्या दारात उभा होता, ठोकळा दोन्ही हातांत, आणि मला काहीतरी सांगत होता, कशासोबत वापरायचा नाही असं काहीतरी. मी नऊ दिवस ते वाक्य आठवायचा प्रयत्न करतोय.

येत नाही. मी बोलत होतो.


२३ एप्रिल

चि. ठकू,

एकोणीस तारखेचं पत्र सोबत आहे. ते आधी वाच. वाचून झाल्यावर हे.

काल, बावीसला, सकाळी दहा वाजता मी मावशीला फोन लावला. उभं राहून लावला, बसलो असतो तर परत तिच्या गुडघ्याच्याच विषयावर आलो असतो. तिने उचलला आणि मी विचारपूस न करता म्हणालो, "त्या फळीत..."

"अहो, तेच सांगणार होते," मावशी म्हणाली. "फळी गेली, भाऊजी. परवा जावयाच्या हातून गाडीच्या टपावरून पडली. मधोमध फुटली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ठकू एवढी चिडलीय, दोन दिवस त्याच्याशी बोलत नाहीये. म्हणते, बाबांनी महिनाभर खपून केलेली वस्तू याला एक दोरी नीट बांधता आली नाही. आता क्लबची फळी घेऊन जाणार आहे सत्तावीसला. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

"त्याला लागलं का?" मी विचारलं. का विचारलं माहीत नाही.

"पायाला. घोट्यापासून वरपर्यंत सोलवटलंय. आणि तुकडे कुणाला बघूही दिले नाहीत. म्हणाला, काचेचे धागे टोचतात, मीच टाकून येतो. तुम्ही काहीतरी म्हणत होता?"

ठकू, मी म्हणालो, "काही नाही. फळीचं नाक जरा जड झालं होतं, तेच सांगायचं होतं."

फोन ठेवला. आधी मी रडलो. तू पाण्यात त्या फळीवर उभी राहणार नव्हतीस. बारा दिवसांत पहिल्यांदा मी पानं कुठल्या बाजूला उलटतात ते न बघता अंगणात बसलो. आणि मग, अर्ध्या तासाने म्हण, माझ्या डोक्यात एक फार शहाणा, समजूतदार आवाज बोलायला लागला. म्हणाला, झालं ते बरंच झालं. फळी गेली, पुरावा गेला, पोरगी सुखरूप आहे, तुझी ओळ पाकिटात आहे. आता सांगून कुणाचं भलं होणार? तिला आखात ओलांडायचंय, तिचं मन कशाला बिघडवायचं? सांगायचंच असेल तर नंतर सांग.

मी तो आवाज ओळखला. मालकांच्या बाजूने बोलणाऱ्या वकिलांचा असतो तो. त्याच्याविरुद्ध मी तीस वर्षं बोललोय. काल दिवसभर मी त्याचं ऐकत बसलो.

पण टपावरून पडलेली फळी नाकावर फुटते, शेपटीवर फुटते, कडेला चिरते. मधोमध, डोलकाठीच्या पायाशीच, फुटत नाही. आणि पडणारी फळी माणसाच्या डोक्यावर येते, खांद्यावर येते, घोट्याला चहूबाजूंनी सोलत नाही. घोटा तसा एकाच प्रकारे सोलतो: माणूस फळीवर उभा राहतो, सगळं वजन एका पायावर टाकतो आणि पाय आत जातो.

तो उभा राहिला, ठकू. माझं बारा तारखेचं पत्र तू वाचलंस आणि बहुधा हसून बाजूला ठेवलंस. त्याने वाचलं आणि नाणं वाजवलं. ढब ढब ऐकलं. मग अंगणात फळी टेकवून तिच्यावर उभा राहिला, तू पाण्यात उभी राहण्याआधी. आत त्याला तोच ठोकळा दिसला असणार, त्यानेच दिलेला, निम्मा खाल्लेला. ज्याने बहुधा सांगितलं होतं की याला पॉलिस्टर लावू नका, त्याला तर एका नजरेत कळलं असणार.

आणि त्याने तुला सांगितलं, "माझ्या हातून पडली."

का, ते मी विचारलेलं नाही. पण तुझी ती ओळ त्यानेही ऐकली होती. पहिल्यांदाच बाबांनी काहीतरी न बोलता केलं. चारशे माणसांसमोर ज्याची भीती मी हसण्यावारी नेली, त्याने माझी भीती झाकली. तुझा राग अंगावर घेऊन, आणि सोललेला पाय घेऊन.

मी त्याची चूक पुसत नाही. हमालाचा पाय गेला तो गेला, आणि लिफ्ट बंद करायला हवी होती, हे मी उद्याही म्हणेन. पण मी नऊपर्यंत मोजलं होतं ना, मूठ आपटून? आता माझंही मोज. त्याचे नऊ होते. माझे बारा. आणि त्याच्या नऊ दिवसांत त्याने दोन पत्रं तरी नीट लिहिली होती. माझा बारावा दिवस सगळ्यात वाईट. अकरा दिवस मी तुझ्यासाठी घाबरलो होतो असं म्हणता येईल, निदान निम्मं. कालचा दिवस फक्त माझ्यासाठी होता.

हे पत्र सव्वीसला पोचेल. तू जाण्याच्या आदल्या दिवशी. तुला नको त्या वेळी त्रास होईल, हे मला कळतं. पण नंतरवर टाकलं असतं तर मी कधीच टाकलं नसतं.  

क्लबच्या फळीवरही नाणं वाजव. वाऱ्याविषयी मी सोळा तारखेला लिहिलं ते सगळं खोटं नव्हतं, पण ज्यासाठी लिहिलं ते खोटं होतं. तू जा.

तुझी ती ओळ परत पाठवतो आहे. ती चुकीच्या माणसाला लिहिली गेली होती. घरात ज्याला द्यायची त्याला दे.

इथून पुढचं त्याच्यासाठी आहे. तू वाचलंस तरी चालेल.

जावईबापू,

मी तुम्हाला त्या सभेनंतर जावईबापू म्हटलेलं नाही, म्हणून हा शब्द लिहिताना पेन अडलं.

तुम्ही शेडच्या दारात जे सांगत होता ते मला ऐकायचं आहे. आता मी बोलणार नाही. पाय बरा झाला की या, किंवा मावशीच्या फोनवरून सांगा, किंवा एका ओळीत लिहा. मला रेझिनचं शास्त्र कळलंय, तरी ते वाक्य तुमच्या तोंडून हवं आहे.

कामगारांची पुढची सभा सात मे रोजी आहे, त्याच सभागृहात. मी अध्यक्षांकडे दहा मिनिटं मागितली आहेत. काय बोलणार ते लिहून काढलंय. पानभरही नाही. घरात सांगितलेली गोष्ट मी व्यासपीठावर नेली होती, ती परत आणता येणार नाही. तिच्याशेजारी माझी नेऊन ठेवता येईल. बोलू शकेन की नाही, सांगता येत नाही.  भीती वाटते, बापू.

या पत्रासोबत खोकं आहे. त्यात पीव्हीसीच्या कडक फोमचा ठोकळा आहे, डोलकाठीखाली घालायचा तोच. अकरा तारखेलाच मागवला होता, काल रेझिनवाल्याकडे आला. इपॉक्सीचा डबा आहे, हार्डनर आहे, कापड आहे. फळीचे तुकडे तुम्ही टाकून दिले नसणार, असं मला वाटतं. तुम्ही वस्तू टाकणारे नाही. ठोकळ्याच्या एका कोपऱ्याला मी रेझिनचा थेंब टाकून पाहिलाय. तिथे पेन्सिलने गोल केलाय. काही झालेलं नाही.

तरी दुसऱ्या कोपऱ्याला तुम्ही स्वतः टाका. रात्रभर ठेवा. सकाळी दोघांनी बघा. मग लावा.

मी सांगतो म्हणून लावू नका.

— बाबा